पाणी 98 ला उकळतं, वहीत 100 लिहिलं जातं

मागच्या प्रशिक्षणात आम्हा विज्ञान शिक्षकांच्या हातात एक फॉर्म पडला. नाव, शाळा, विषय, सेवेची वर्षं हे रकाने भरून झाले आणि शेवटी एक प्रश्न होता: 'अध्ययन-अध्यापनाविषयीच्या आपल्या वैयक्तिक धारणा लिहा.' खाली चार ओळींची जागा. शेजारच्या सरांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, काय लिवायचं वो ह्यात?" मी म्हटलं, "लिहा, बालक हा शिक्षणाचा केंद्रबिंदू आहे." त्यांनी लिहिलं. मीही तेच लिहिलं. बी.एड.पासून या प्रश्नाला हेच उत्तर लिहून मार्क पडत आलेत, त्यामुळं हॉलमधल्या निम्म्याअधिक फॉर्मांवर तेच असणार. जेवणानंतर एका तज्ज्ञांनी दोन तास स्लाइड वाचून दाखवल्या. विषय होता, शिक्षकानं एकतर्फी बोलत राहू नये.

2020 चं नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून पालकांच्या कानावर शब्दांचा नुसता मारा चाललाय. क्षमताधिष्ठित शिक्षण, अध्ययन निष्पत्ती, समग्र प्रगती पत्रक. धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, तेही सुरू आहे. पालकसभेत एका आईनं मला सरळ विचारलं, "मॅडम, एवढं सगळं आलं, मग पोरीच्या वहीत काय बदललं?" मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं उत्तर त्या चार ओळींच्या रकान्यात दडलेलं आहे, आणि ते जरा सविस्तर सांगावं लागतं.

धारणा म्हणजे नेमकं काय?

शिकणं कसं घडतं, याचं शिक्षकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं चित्र म्हणजे त्याची धारणा. हे चित्र तो बोलून दाखवेलच असं नाही, कित्येकदा त्याला स्वतःलाही ते नीट माहीत नसतं. पण वर्गात तो वागतो त्या चित्राप्रमाणं.

मिसळीच्या हॉटेलात एक गृहस्थ हमखास भेटतात. "डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय," असं सगळ्या टेबलाला सांगून झालं की वेटरला हाक मारतात, "जरा कट आण की रे." त्यांची तेलाबद्दलची धारणा कुठली धरायची, बोललेली की ताटातली? शिक्षकांचंही असंच ताट बघावं लागतं. मुलानं चुकीचं उत्तर दिल्यावर शिक्षक काय करतो ते बघा. "बस खाली. कोण सांगेल?" असं म्हणणाऱ्याच्या लेखी उत्तर ही एक वस्तू आहे; ह्याच्याकडं नाही, तर दुसऱ्याकडं असेल. "असं का वाटलं तुला?" असं विचारणाऱ्याला त्या चुकीच्या मागं काहीतरी विचार असणार, असं वाटतं. दोघांनीही फॉर्मवर 'बालक केंद्रबिंदू' असंच लिहिलेलं असतं.

मी पहिली पंधरा वर्षं "बस खाली" म्हणत होते. आवाज चढवून नाही, प्रेमानंच.

हे चित्र येतं कुठून?

बी.एड.मधून येत असेल असं वाटतं, पण ते त्याच्या फार आधी तयार होतं. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1975 मध्ये एक साधा हिशोब मांडला. शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यानं तोपर्यंत सुमारे 13,000 तास शिक्षकांना शिकवताना पाहिलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याच धंद्यात असं होत नाही. वकील होणाऱ्यानं कोर्टात आणि डॉक्टर होणाऱ्यानं ऑपरेशन थिएटरात लहानपण काढलेलं नसतं. शिक्षक होणारा मात्र बाकावर बसून तेरा हजार तासांची उमेदवारी करून आलेला असतो.

आणि ही उमेदवारी एकाच बाजूनं पाहिलेली. आयुष्यभर कोल्हापुरी चप्पल घातली म्हणून कुणाला चामड्याची वेणी घालता येत नाही. बाकावरून शिक्षकाचं बोलणं दिसतं, फळा दिसतो, छडी दिसते. तो हाच प्रश्न का विचारतोय, आज मुद्दाम काय गाळतोय, हे दिसत नाही. म्हणून बाकावरून जे शिकता येतं ते एवढंच, की शिकवणं म्हणजे सांगणं.

यात आणखी एक गोम आहे. बाकावरच्या साठांपैकी शिक्षक कोण होतात? ज्यांना ऐकून कळत होतं ते. ज्यांना कळत नव्हतं ते दहावीच्या आधी-नंतर गळाले, कुणी गॅरेजला लागलं, कुणी शेतीत. मग उरलेल्यातून आलेली माझ्यासारखी बाई वर्गात उभी राहून म्हणते, "सांगितलं की कळतं. मला नाही का कळलं?" तिच्या पुराव्यात खोट नाही. फक्त तिचा पुरावा चाळणीतून आलेला आहे, आणि चाळणीतून काय खाली पडलं हे तिनं कधी पाहिलेलं नाही.

98 अंशाची गोष्ट

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आठवीचा वर्ग, पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग. स्पिरिटचे दिवे, काचेची चंचुपात्रं, स्टँडला सुतळीनं बांधलेले थर्मामीटर. सात गट होते. पाणी खळखळायला लागलं, पारा थांबला, पोरांनी वाकून आकडा वाचला आणि वहीत लिहिला. मी फिरत होते. पहिल्या वहीत 100. दुसऱ्या वहीत 100. तिसऱ्या गटातल्या एका मुलीनं 98 लिहून त्यावर आडवी रेघ मारली होती आणि शेजारी 100 लिहिलं होतं. मी तिला विचारलं, तू वाचलंस किती? तिनं आधी पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अठ्ठ्याण्णव. पण मॅडम, थर्मामीटर खोटा आहे का पुस्तक?"

मी तिला सांगितलं, परत नीट वाच, डोळा पाऱ्याच्या रेषेत ठेव. आणि पुढच्या गटाकडं गेले. सातही वह्यांवर 100 ला बरोबरची खूण केली.

तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. शनिवारी दुपारी शाळेतला एक थर्मामीटर घरी आणला. बर्फाच्या चुऱ्यात बुडवला: 0. म्हणजे थर्मामीटर शहाणा होता. गॅसवर पातेलं ठेवलं. पाणी उसळायला लागलं, पारा 98 ला येऊन बसला आणि काही केल्या हलेना.

कारण मला माहीत होतं. लाजिरवाणं आहे ते हेच. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, हे मी एम.एस्सी.पर्यंत कितीदा लिहिलं असेल. 100 हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा. उंची वाढेल तसा तो साधारण दर 300 मीटरला एक अंशानं उतरतो. आमची शाळा कोल्हापुरात, आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. करा भागाकार. पन्हाळ्यावर चहा ठेवला तर पारा आणखी खाली थांबेल. परीक्षेत 'माउंट एव्हरेस्टवर भात का शिजत नाही' याचं उत्तर मी झोपेत लिहिलं असतं. पण माझ्या शाळेतलं पाणी 98 ला उकळतं, हे मला वीस वर्षांच्या शिक्षणात एकदाही सुचलं नव्हतं. मी स्वतः शाळेत असताना 100 च लिहिलं होतं. आकडा खरोखर वाचला होता का, तेही आठवत नाही.

त्या दिवशी माझी एक धारणा माझ्याच गॅसवर उघडी पडली. मला वाटत होतं की प्रयोग म्हणजे पुस्तकात लिहिलेलं खरं आहे याची खात्री करून घेणं. पोरं वर्गात प्रयोग करत नव्हतीच. ती माझ्या मनातलं उत्तर ओळखत होती, आणि त्यात तरबेज होती.

ती मुलगी पुढं कुठं गेली मला माहीत नाही. तिच्या वहीवरची ती खूण मला परत घ्यायची आहे.

पाटी कोरी नसते

आता जरा शास्त्राकडं वळू. 1968 मध्ये डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञानं सगळ्या शैक्षणिक मानसशास्त्राचं सार एका वाक्यात सांगितलं. त्याचा आशय असा, की शिकण्यावर सगळ्यांत जास्त परिणाम कशाचा होत असेल तर शिकणाऱ्याला आधीच काय माहीत आहे त्याचा. ते आधी शोधा आणि मग शिकवा.

याच विचाराच्या घराण्याला आपल्याकडं 'ज्ञानरचनावाद' म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे: मूल ज्ञान बाटलीत ओतल्यासारखं घेत नाही, जवळ असलेल्या सामानातून स्वतः बांधतं. जाँ पियाजे आणि लेव्ह व्हायगॉट्स्की ही या घराण्याची दोन मोठी नावं. दोघांचा जन्म 1896 चा. पियाजेचा भर मुलाच्या स्वतःच्या खटपटीवर, व्हायगॉट्स्कीचा जाणत्याच्या सोबतीवर. आपल्या देशात 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं हे धोरण म्हणून उचललं. म्हणजे 2020 मध्ये काही आभाळातून पडलेलं नाही. कोल्हापुरात तर शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, ते मूल कसं शिकतं हे धरूनच.

पण या शब्दाची आपल्याकडं जरा थट्टाच झाली. वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटनं रेघोट्या काढल्या, मुलांना गोलात बसवलं, की झाला ज्ञानरचनावाद. फरशीचा काही दोष नाही. मुद्दा फरशीवर काय काढलंय हा नसून मुलाच्या डोक्यात आधी काय काढलंय हा आहे.

उदाहरण घ्या. उन्हाळा का येतो? वर्गात विचारा, दहातली आठ पोरं सांगतील, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून. हे उत्तर त्यांना कुणी शिकवलेलं नाही. चुलीजवळ गेलं की धग लागते, हा अनुभव त्यांनी स्वतः आभाळावर नेऊन लावलाय. 1987 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या पदवीदान समारंभात 23 जणांना असेच प्रश्न विचारले गेले: विद्यार्थी, माजी विद्यार्थी, प्राध्यापक. 21 जणांना नीट कारण सांगता आलं नाही. ऋतूंबद्दल त्यांचंही बहुतेक तेच, जवळ-लांब. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यांत लांब जुलैत, सुमारे 15.2 कोटींवर. म्हणजे आपण स्वेटर घालून शेकोटीभोवती बसतो तेव्हा सूर्य सगळ्यांत जवळ. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून.

हे मी फळ्यावर सुरेख आकृती काढून वर्षानुवर्षं शिकवलं. पोरांनी परीक्षेत आकृतीही सुरेख काढली. आणि दोन वर्षांनी अकरावीतला एक माजी विद्यार्थी रंकाळा तलावावर भेटला, त्याला सहज विचारलं, तर म्हणाला, "जवळ येते ना मॅडम पृथ्वी?" माझी आकृती त्याच्या चुलीच्या शेजारी दोन वर्षं राहिली आणि भाडं न भरता निघून गेली.

किरणोत्सव रोज का नसतो?

आता मी दुसऱ्या टोकाकडून जाते. नववीच्या वर्गाला विचारते, सूर्य कुठं मावळतो? एका सुरात, "पश्चिमेला!" मग विचारते, अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचा सूर्य रोज पश्चिमेला. मग किरणोत्सव रोज का होत नाही?

यावर जी शांतता पसरते ती मला फार आवडते. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 ला आणि 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात, हे कोल्हापुरातल्या पोराला सांगावं लागत नाही. कुणाची आजी दरवर्षी जाते, कुणाच्या मोबाईलवर व्हिडिओ असतो. पण ही माहिती आणि 'सूर्य पश्चिमेला मावळतो' ही माहिती त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहते. त्यांची कधी गाठ पडलेली नसते.

मग गृहपाठ देते. दसरा झाला, पाऊस गेला, की दर शनिवारी एकाच ठिकाणी उभं राहून क्षितिजाचं चित्र काढायचं: पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर, नारळाचं झाड, आणि सूर्य यातल्या कशाच्या मागं गेला. महिन्याभरात वह्यांतून आरडाओरडा सुरू होतो. "मॅडम, सूर्य डावीकडं सरकतोय!" सरकतोच. अगदी ठीक पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, मार्च आणि सप्टेंबरच्या 21-22 च्या आसपास. कोल्हापुरातून पाहिलं तर नोव्हेंबरच्या किरणोत्सवावेळी तो पश्चिमेपासून साधारण 18 अंश दक्षिणेला गेलेला असतो. 21-22 डिसेंबरपर्यंत आणखी सरकत साडेचोवीस अंशांपर्यंत जातो, तिथं थबकतो आणि मागं फिरतो. हे सरकणं पृथ्वीच्या त्या कललेल्या आसामुळंच.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरानं कॅलेंडर काढलं आणि बोटं मोजायला लागला. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर, 41 दिवस. 21 डिसेंबरपासून पुढं 42 दिवस, 1 फेब्रुवारी. "मॅडम, ह्यो जाताना त्याच दारावरनं गेला आणि येताना त्याच दारावरनं आला!" यापेक्षा चांगली व्याख्या मला आजवर सुचलेली नाही. लगेच दुसऱ्यानं विचारलं, मग उत्तरायण संक्रांतीला कसं? तो आणखी एक तास गेला. सूर्य मागं फिरतो डिसेंबरातच, संक्रांतीच्या तीन आठवडे आधी. संक्रांतीला तो मकर राशीत शिरतो, ती गोष्ट वेगळी.

एका पालकांनी काळजीनं विचारलं होतं, देवाच्या गोष्टीत विज्ञान कशाला? माझा अनुभव उलटा आहे. हे कळल्यावर पोरं देवळात जाऊन दाराकडं, खांबांकडं, चौकटीच्या उंचीकडं बघायला लागतात. बांधणाऱ्यानं किती संध्याकाळी उभं राहून पाहिलं असेल, असं एकीनं वहीत लिहिलं होतं.

आमच्या गावची दुसरी गंमत अशी, की दुपारी सावली पूर्ण गायब होण्याचा शून्य सावली दिवस कोल्हापुरात येतो 6-7 मेच्या आसपास, भर सुट्टीत. वर्षातला दुसरा येतो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, धो धो पावसात. सूर्यालाही शाळेचं वेळापत्रक दाखवायला हवं होतं.

मग काय, पोरांनी सगळं आपलं आपण शोधायचं?

हा आक्षेप रास्त आहे आणि बराचसा खरा आहे. न्यूटनला जे सापडायला आयुष्य लागलं ते आठवीच्या पोराला पस्तीस मिनिटांत सापडेल, असं मानणं हा भाबडेपणा आहे. 2006 मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा शिक्षण-संशोधकांनी नेमकं हेच लिहून मोठा वाद उभा केला: नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय सोडून दिलं तर तो शिकत नाही, गोंधळतो. त्याच्या डोक्याची एका वेळी गोष्टी धरायची ताकद मर्यादित असते.

कोल्हापूरकरांना हे समजायला परदेशात जायला नको, तालमीत जावं. वस्ताद नव्या पोराला आखाड्यात ढकलून "शोध तुझा डाव" असं म्हणत नाही. आधी जोर-बैठका, मग डाव सावकाश तोडून दाखवणार, मग जोडीदार देऊन करून घेणार, कोपर चुकलं की तिथंच थांबवणार. पण कुठलाच वस्ताद फळ्यावर ढाक डावाची आकृती काढून, मुद्देसूद टिपण देऊन, "पाच मार्काला येतो" असंही सांगत नाही. अंगाला माती लागल्याशिवाय डाव येत नाही आणि वस्तादाशिवायही येत नाही.

आकडेही हेच सांगतात. रिचर्ड हेक या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं 1998 मध्ये भौतिकशास्त्राच्या 62 वर्गांमधल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली. वर्ग सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर तीच चाचणी. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत, जेवढं शिकायचं बाकी होतं त्यातलं सरासरी पावभर पदरात पडलं. विद्यार्थ्यांना विचार करायला, एकमेकांशी बोलायला, लगेच चूक समजायला वाव असलेल्या वर्गांत जवळजवळ निम्मं. त्या दुसऱ्या वर्गांतही शिक्षक होतेच, आणि ते भरपूर काम करत होते.

"आमच्या वेळी पाठांतरच होतं, आमचं काय बिघडलं?"

पाठांतराची मी वैरीण नाही. पाढे, संयुजा, पहिली वीस मूलद्रव्यं पाठ पाहिजेतच. दर वेळी सोडियमची संयुजा शोधत बसलं तर समीकरण कधी लिहिणार? आपली गल्लत पाठांतराच्या पद्धतीत होते. आपण पोराला सांगतो, "वाच, पुन्हा वाच."

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये याची परीक्षा घेतली. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं वाचून, मिटवून, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढं. म्हणून परीक्षेच्या सकाळी रिक्षात वाचणाऱ्याला वाटतं की आपल्याला सगळं येतंय, आणि पाच मिनिटांपुरतं ते खरंही असतं. पुस्तक मिटून आठवण्यात त्रास होतो, अडखळायला होतं. शिकणं त्या अडखळण्यात होतं. घरी एवढंच करा: "वाचलंस का?" ऐवजी "पुस्तक मिट आणि मला सांग."

साठ मुलं, पस्तीस मिनिटं आणि पोर्शन

इथं मी शिक्षकांच्या बाजूनं भांडणार. पस्तीस मिनिटांची तासिका भागिले साठ मुलं, म्हणजे दर मुलामागं 35 सेकंद, आणि त्यात हजेरी. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर, चाळीस-चाळीस मार्कांचे, वीस मार्क प्रात्यक्षिकाचे. जानेवारीत पोर्शन संपला नाही तर मुख्याध्यापक विचारतात, पालक विचारतात, शेजारच्या क्लासचा फ्लेक्स विचारतो. मध्येच निवडणुकीचं काम, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं. अशा वेळी माणूस जुन्या सवयीकडंच वळतो, कारण सांगून टाकणं सगळ्यांत लवकर होतं. शिक्षकाची धारणा बदलली तरी वर्ग बदलत नाही, याचं हे खरं कारण आहे आणि ते शिक्षकाच्या माथी मारू नये.

तरीही काही गोष्टींना पैसा लागत नाही, वेळही जवळजवळ लागत नाही. मेरी बड रो या संशोधिकेनं सत्तरच्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात.

मी मोबाईल टेबलावर ठेवून माझा एक तास रेकॉर्ड केला. ऐकताना घाम फुटला. मी एक सेकंदही थांबत नव्हते. कित्येक प्रश्नांचं उत्तर त्याच श्वासात मीच देत होते. आता मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' मोजते. पहिले दोन आठवडे पोरांना वाटलं मॅडमची तब्येत बरी नाही.

"काही पोरं ढच असतात, त्यांचं काय?"

शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य रोज ऐकू येतं. कोण शिकू शकतं आणि कोण नाही, ही सगळ्यांत जुनी धारणा. या गावात तिच्याशी एक मोठी लढाई झालेली आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. त्या काळचा एक रुपया. ही पोरं शिकून काय करणार, असं म्हणणारे तेव्हाही होते. 'ढ' हे वर्णन पोराचं असतं की त्या पस्तीस सेकंदांचं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. पण वर्गात तो शब्द वापरणं मी सोडलंय.

प्रशिक्षण होऊनही शिक्षक का बदलत नाहीत?

1990 मध्ये डेव्हिड कोहेन या अमेरिकन शिक्षण-अभ्यासकानं कॅलिफोर्नियातल्या गणिताच्या एका शिक्षिकेवर लेख लिहिला. तिथं नवीन अभ्यासक्रम आला होता, बाईंनी तो मनापासून स्वीकारला होता. मुलं गटात बसत, वस्तू हाताळून गणित करत. आपलं शिकवणं संपूर्ण बदललंय असं बाईंना प्रामाणिकपणे वाटत होतं. पण मुलं एकमेकांशी गणिताबद्दल काही बोलत नव्हती, बाई पूर्वीसारख्याच 'बरोबर', 'चूक' म्हणत पुढं जात होत्या. जुन्या धारणेवर नवी चादर. मला ते वाचून राग आला नाही, ओळख पटली.

माझ्या मते गणित असं आहे. पोराच्या डोक्यातली चूल माझ्या आकृतीनं हलली नाही. मग शिक्षकाच्या डोक्यातलं 'शिकवणं म्हणजे सांगणं' हे चित्र कुणाच्या स्लाइडनं कसं हलेल? त्यालाही स्वतःच्या हातात थर्मामीटर धरून 98 वाचावं लागतं. आपली गोष्ट अपुरी पडतेय हे आधी त्याला स्वतःला खुपलं पाहिजे, मगच दुसरी गोष्ट जागा धरते. प्रशिक्षणाच्या 50 तासांतला एक तास जरी शिक्षकाला स्वतःच्या वर्गाचं रेकॉर्डिंग ऐकायला दिला, तर उरलेले 49 वेगळे जातील. आणि तो फॉर्म? धारणा लिहा असं सांगण्याऐवजी 'तुमच्या वर्गातलं एक चुकीचं उत्तर लिहा आणि तुम्ही त्याचं काय केलंत ते लिहा' असं विचारलं असतं, तर शेजारच्या सरांना माझं बघून लिहिता आलं नसतं.

98 चा प्रयोग मी आजही घेते. आता वहीत वाचलेला आकडाच लिहायचा, हा नियम. गेल्या हिवाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग आमच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस कितीला उकळतो?" मला माहीत होतं की साखर दाट होत जाते तसा उत्कलनांक चढत जातो. कितीपर्यंत, ते सांगायचा मोह आवरला. रविवारी सहा पोरं, मी आणि शाळेचा एक थर्मामीटर, असे गुऱ्हाळावर गेलो.

चुलवाणातून जाळ निघत होता. भेंडीचं पाणी घालून मळी काढून झाली होती, रस पिवळा होऊन फसफसत होता. लांब काठीला थर्मामीटर बांधून त्या पोरानं तो काहिलीत धरला. 101. थोड्या वेळानं 103. पोरं आकडे ओरडत होती, एकजण वहीत लिहीत होता. गूळ करणारा गुळव्या शेजारी उभा राहून कौतुकानं बघत होता. त्यानं पळीभर पाक पाण्यात टाकला, बोटांनी चाचपला, मान हलवली. 106. 108.

मी ओरडले, "काढ, काढ बाहेर!" शाळेच्या थर्मामीटरवर आकडे 110 पर्यंतच असतात.

"बाई," गुळव्या म्हणाला, "आजून लई टाइम हाय गूळ व्हायला."

पोरगं हातातल्या काठीकडं बघत होतं. "मॅडम, मग ह्येच्या पुढचं कशानं मोजायचं?"